बाळकुमकडून अपेक्षा

लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण गाठीत सोडून बाहेरून चुंबकीय क्षेत्र वेगाने उलटसुलट केले, की कण तापतात आणि कर्करोगाच्या पेशी खचतात. मेंदूच्या गाठींवरील या उपचाराला युरोपात २०१० मध्ये मान्यता मिळाली. हाफ्नियम ऑक्साइडचे कण गाठीतच क्ष-किरणांचा मारा वाढवतात. मऊ ऊतींच्या सार्कोमासाठी त्यांना तेथेच २०१९ मध्ये परवानगी मिळाली. लोहकणांवर पवईची आयआयटी आणि ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्रही संशोधन करत आले आहेत.

एवढे ज्ञान हाकेच्या अंतरावर असताना कल्याण-डोंबिवलीचा रुग्ण मात्र लोकलच्या गर्दीतून परळचे टाटा रुग्णालय गाठतो, तेही अनेकदा गाठ बळावल्यावर. हे क्लेशदायक आहे. ठाण्यात बाळकुमला आनंद दिघे यांच्या नावाच्या कर्करोग रुग्णालयाचे भूमिपूजन २०२३ मध्ये झाले. त्याच्या आराखड्यात आयआयटी आणि भाभा केंद्रासोबतच्या नॅनोकणांच्या चाचण्यांना जागा हवी. कण यकृत-प्लीहेत साठतात, म्हणून चाचण्या सावधपणेच व्हाव्यात. मात्र उशिरा झालेले निदान कोणताही नॅनोकण भरून काढणार नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी तोंड आणि स्तनांची तपासणी प्रत्येक आरोग्य केंद्रात आधी सुरळीत करावी.