कौतुक पुरे, आता खेळ पाहा

महाविद्यालयीन खेळाडू मुलीचे कौतुक करण्याची मराठी क्रीडापानाची एक ठरलेली रीत आहे. ती मुलगी 'जिद्दी' असते. ती 'परिस्थितीवर मात' करते. तिच्या यशात आईवडील, प्रशिक्षक आणि प्राचार्य यांचा 'सिंहाचा वाटा' असतो. फारच चांगली खेळत असेल तर तिचा खेळ 'मुलांनाही लाजवील असा' असतो. शेजारी करंडकासह छायाचित्र असते आणि त्यात खेळाडूंपेक्षा पाहुणेच अधिक दिसतात. एवढे सारे वाचून झाल्यावर वाचकाला एक गोष्ट मात्र कळलेली नसते: ती मुलगी खेळते कशी?

हे कौतुक म्हणजे न पाहण्याची एक सभ्य रीत आहे, असे माझे म्हणणे आहे. एखाद्या कवितासंग्रहाविषयी कोणी 'कवयित्री अत्यंत कष्टाळू असून घरकाम सांभाळून लेखन करतात' एवढेच लिहिले, तर त्याला आपण समीक्षा म्हणणार नाही. किंबहुना त्या कवयित्रीचा तो अपमान आहे असे म्हणू. मग चेंडू हाती असलेल्या मुलीच्या बाबतीत तेच वाक्य गौरवाचे कसे ठरते? कौतुक न पाहताही करता येते. आस्वाद घ्यायचा तर पाहावे लागते, पुन्हा पाहावे लागते, आणि प्रसंगी 'हे जमले नाही' असेही म्हणावे लागते. साहित्यात आपण हा भेद जिवापाड जपतो, आणि मुलींच्या मैदानावर पाऊल ठेवताच तो विसरतो.

महाविद्यालयीन मुलीच्या खेळाने अवघ्या देशाला वेड लावल्याचे अलीकडचे ठळक उदाहरण बास्केटबॉलमधले आहे. केटलिन क्लार्क ही आयोवा विद्यापीठाची खेळाडू. २०२० ते २०२४ या काळातल्या चार हंगामांत तिने ३,९५१ गुण केले. पीट मॅराविच या पुरुष खेळाडूचा ३,६६७ गुणांचा विक्रम १९७० पासून उभा होता. तो तिने ३ मार्च २०२४ रोजी मोडला. पुढच्याच महिन्यात महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. त्याच वर्षीचा पुरुषांचा अंतिम सामना पाहणारे सुमारे १ कोटी ४८ लाख होते. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोवाच्या फुटबॉल मैदानावर मुलींचा एक प्रदर्शनीय सामना झाला, तेव्हा ५५,६४६ माणसे उघड्यावर बसून तो पाहत होती.

हे आकडे ऐकले की आपल्याकडे एक उत्तर तयार असते: ती अमेरिका आहे, तिथे पैसा आहे. हे उत्तर सोयीचे आहे, कारण ते आपल्याला मोकळे करते. पण पैसा अमेरिकेच्या इतर राज्यांतही आहेच. मक्याच्या शेतांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आयोवातच हे का घडले, याचे उत्तर त्या राज्याच्या खेड्यांत शोधावे लागते.

आयोवात शालेय मुलींची राज्य अजिंक्यपद स्पर्धा १९२० मध्ये सुरू झाली. १९२५ मध्ये राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने मुलींच्या स्पर्धांमधून अंग काढून घ्यायचे ठरवले, कारण स्पर्धा मुलींना मानवत नाही असा तेव्हाचा सुशिक्षित समज होता. तो समज लहान गावांनी मानला नाही. तिथल्या शाळाप्रमुखांनी केवळ मुलींसाठी वेगळी संघटना उभी केली आणि पुढची जवळपास सात दशके ती स्पर्धा गावांनी जगवली. खेळ सहा-सहा जणींचा होता. तिघी फक्त आक्रमण करणार, तिघी फक्त बचाव. मधली रेषा कोणी ओलांडायची नाही, आणि चेंडू दोनदाच आपटायचा. मुलींना संपूर्ण मैदान धावणे झेपणार नाही, ही समजूत त्या नियमांच्या मुळाशी होती. नियम पक्षपाती होते, यात शंका नाही. पण त्या नियमांत जे घडत होते ते गावे डोळे उघडे ठेवून पाहत होती. १९६८ च्या अंतिम सामन्यात जेमतेम दोनेकशे वस्तीच्या व्हिटन गावातली डेनिस लाँग ६४ गुण करून जिंकली. तिच्यासमोरच्या एव्हर्ली संघाच्या जीनेट ओल्सनने ७६ गुण केले आणि ती हरली. जादा वेळेत गेलेला तो सामना ११३–१०७ असा संपला. हरलेल्या मुलीचे गुणही आज सांगता येतात, याला मी पाहणे म्हणतो. सहा जणींचा तो खेळ १९९३ मध्ये बंद झाला. क्लार्कचा जन्म त्यानंतरचा, आणि तोही शहरातला. पण तिच्या सामन्याला बसलेल्या प्रेक्षकांत त्या जुन्या खेळाडूंच्या लेकी-नाती होत्याच, आणि चेंडू कुठून कुठे जायला हवा होता हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या ५५,६४६ जणांची पेरणी अशी शंभर वर्षे आधी झाली होती.

आता आपल्या शिवारात येऊ. हे टिपण कळमेश्वरातून लिहीत आहे. नागपूरहून काटोलकडे जाताना लागणारे हे तालुक्याचे गाव. भोवती कापूस आणि संत्री, लागून औद्योगिक वसाहत. शेतीच्या मुलखाला खेळ कळत नाही असे म्हणण्याची येथे सोय नाही. विदर्भातल्या गावांत दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने होतात, तेव्हा चढाई करणाऱ्याचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला की नाही, याचा निकाल पंचाआधी प्रेक्षकच देऊन मोकळे होतात. जामठ्याला क्रिकेटचा सामना असला की गाड्या भरून माणसे जातात आणि परतताना खेळपट्टीवर वाद घालतात. पाहण्याची नजर येथे आहे. ती महाविद्यालयीन मुलींच्या मैदानाकडे वळत नाही, एवढेच.

वळली असती तर तिला पाहण्यासारखे पुष्कळ होते. नागपूरची सिया देवधर वयोगटाच्या भारतीय संघांतून खेळली. पुण्याच्या शिरीन लिमये हिने २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. जुलै २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात भारताच्या महिलांनी कझाकस्तानला ७५–७३ असे हरवले आणि 'अ' गटात प्रवेश मिळवला. दोन गुणांचे अंतर! पुरुषांच्या क्रिकेटमध्ये एवढ्या निसटत्या विजयाचे शेवटचे षटक आपण चेंडूगणिक पाठ म्हणतो. या सामन्याची शेवटची दोन मिनिटे सांगू शकणारा मराठी वाचक मला अद्याप भेटलेला नाही. अभिनंदनाचे फलक मात्र लागले असतील.

यावर पहिला आक्षेप येतो तो रसिकतेच्याच नावाने. मुलींचा खेळ संथ, त्यात उडी नाही, कड्यात चेंडू कोंबण्याचा थरार नाही. मग पाहायचे काय? हा आक्षेप घेणाऱ्यांनी बास्केटबॉलचा जन्म आठवावा. जेम्स नेस्मिथने १८९१ मध्ये हा खेळ रचला, तेव्हा टोपली मुद्दाम डोक्याच्या वर, आडवी टांगली. समोर उभे लक्ष्य असले की माणूस जोर लावून चेंडू फेकतो आणि अंगावर येतो. वर आडवे लक्ष्य असले की चेंडू अलगद, कमानीत सोडावा लागतो. जोराची जागा अंदाजाने घ्यावी, हा त्या रचनेचा हेतू होता. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ महाविद्यालयात मुलींना हा खेळ शिकवला. म्हणजे मुलींचा बास्केटबॉल पुरुषांच्या बास्केटबॉलपेक्षा फार तर वर्षभराने धाकटा आहे. क्लार्क तीन गुणांच्या रेषेच्याही कितीतरी मागून चेंडू सोडते, तेव्हा ती कमान नेस्मिथच्या मूळ कल्पनेला पुरुषांच्या कोंबाकोंबीपेक्षा अधिक जवळची असते. आणि तिची खरी प्रतिभा तर गुणांतही नाही. सहकारी मोकळी होण्याच्या क्षणभर आधी चेंडू तिच्या वाटेवर सोडणे, ही ती प्रतिभा. तिच्या पासवर सहकाऱ्यांनी १,१४४ वेळा टोपली साधली. ज्याला हे दिसत नाही त्याने खेळ संथ असल्याची तक्रार करू नये. संथपणा त्याच्या डोळ्यांत आहे.

दुसरा आक्षेप सहृदय आहे, म्हणून अधिक घातक. 'आधी मुलींना मैदान मिळू द्या, बूट मिळू द्या, उत्तेजन द्या. टीका नंतर करू.' मैदान आणि बूट हवेतच, त्याबद्दल दुमत नाही. पण चिकित्सेवाचून केलेले कौतुक उत्तेजन देते हा भ्रम आहे. ते एकीला देव्हाऱ्यात बसवते आणि बाकीच्यांना पुसून टाकते. खुद्द क्लार्कच्या बाबतीत हे घडले. तिच्या विक्रमाचा जयघोष चालू असताना लिनेट वुडार्डचे ३,६४९ गुण अधिकृत यादीत नव्हतेच, कारण ती कॅन्सस विद्यापीठाकडून १९७७ ते १९८१ मध्ये खेळली आणि मुलींची स्पर्धा तेव्हा वेगळ्या संघटनेकडे होती. वुडार्डच्या काळी तीन गुणांची रेषा नव्हती, मुलींसाठीचा लहान चेंडूही नव्हता. पर्ल मूरने त्याच दशकात छोट्या महाविद्यालयांतून खेळून ४,०६१ गुण केले; तो आकडा क्लार्कनेही ओलांडलेला नाही. आंधळ्या कौतुकाला इतिहास नकोसा असतो. त्याला खलनायिका मात्र हवी असते. २०२३ च्या अंतिम सामन्यात लुईझियानाच्या एंजल रीसने क्लार्कला उद्देशून जी खूण केली, तशीच खूण क्लार्कने त्याच स्पर्धेत आधी केली होती. गोरी क्लार्क 'चुरशीची' ठरली आणि कृष्णवर्णीय रीस 'उद्धट'. रीसवर टीका होऊ नये असे क्लार्कने स्वतः सांगितले. तिच्या भक्तांना ते ऐकायचे नव्हते.

आणि २०२४ चा तो अंतिम सामना? तो आयोवा हरली. साउथ कॅरोलायनाने ८७–७५ असा विजय मिळवून तो हंगाम एकही पराभव न होता संपवला. क्लार्कने पहिल्या सत्रात १८ आणि एकूण ३० गुण केले. पण साउथ कॅरोलायनाच्या राखीव खेळाडूंनी ३७ गुण केले आणि आयोवाच्या राखीव खेळाडूंनी शून्य. त्या सामन्याचा सगळा अर्थ या दोन आकड्यांत आहे. ज्याने एकटीलाच पाहिले त्याला 'बिचारी हरली' एवढेच दिसले. ज्याने खेळ पाहिला त्याला बाकावर बसलेल्या मुली दिसल्या. हे ओळखल्याने क्लार्क लहान होत नाही. उलट, एवढ्या तोकड्या आधारावर तिने संघ कुठवर ओढत नेला, हे त्यानेच कळते.

आपल्याकडे पाहण्याची साधने नाहीत, असेही म्हणता येणार नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. तिचे कौतुक करणाऱ्यांनी डाव पाहिले की नाही, हे मला ठाऊक नाही; पण ज्याला पाहायचे असतील त्याला तिची प्रत्येक खेळी आज मांडून बघता येते, कारण बुद्धिबळात खेळी लिहून ठेवतात. बास्केटबॉलच्या अधिकृत सामन्यातही स्कोअरशीट भरली जाते. कोणत्या क्रमांकाच्या खेळाडूने कितवा गुण केला, कोणाच्या नावावर किती फाऊल, सारे तीत ओळीने उतरते. सामना संपतो, सह्या होतात, कागद फाइलमध्ये जातो. बातमीत मात्र उरतो 'सिंहाचा वाटा'. महाविद्यालयात तीन वर्षे खेळून मुलगी पदवी घेते, नोकरीला लागते किंवा लग्न होऊन जाते, आणि तिने एकूण किती गुण केले हे तिलाही सांगता येत नाही. जिचा खेळ कोणी मोजलाच नाही, ती श्रेष्ठ होती की सामान्य, हे ठरवायचे कशावर?

म्हणून मागणी साधी आहे. मुलींचे आंतरमहाविद्यालयीन सामने भर दुपारी, तासिका चालू असताना उरकण्याऐवजी गाव मोकळे असते अशा संध्याकाळी ठेवावेत. स्कोअरशीट फाइलमध्ये पुरण्याऐवजी सूचनाफलकावर लावावी आणि वृत्तपत्राने पाहुण्यांच्या नावांच्या जागी ती छापावी. सामन्याचे वर्णन करणाऱ्याने 'जिद्द' हा शब्द वर्षभर उपवासाला बसवावा आणि चेंडू कुठून कुठे गेला ते लिहावे. यातल्या कशालाही अमेरिकेचा पैसा लागत नाही.

साहित्याच्या पानावर हे कशासाठी, असे कोणी विचारील. एवढ्याचसाठी, की बारकाईने पाहणे आणि पाहिलेले नेमक्या शब्दांत सांगणे हा आपला व्यवसाय आहे, असा आपला दावा असतो. तो दावा खरा असेल तर कळमेश्वरातल्या एखाद्या मैदानावर क्रमांक सात घातलेल्या मुलीने डाव्या हाताने टाकलेला पास चुकला की सहकारी उशिरा पोचली, हे सांगता यायला हवे. ते सांगता येईपर्यंत तिला 'आमची वाघीण' म्हणण्याचा अधिकार आपण आपल्याकडे ठेवू नये.