नुसता पत्ता नको, सोबत हवी



जिल्हा बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे होते, विजेवर होते, पीकविम्यावर होते. या वेळी आणखी एक विषय घ्यावा असा आमचा आग्रह आहे. मार खाल्लेली बाई आपल्या कार्यकर्त्याच्या दारात येते, तेव्हा आपण काय करतो?

उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. आपण समेट करतो. नवऱ्याला बोलावतो, चार शहाणी माणसे बसवतो, त्याला दोन शब्द सुनावतो, तिला चार ऐकवतो आणि दिवेलागणीच्या आत तिला सासरी पोचवतो. घर मोडले नाही म्हणून समाधान मानतो.

आम्हीही हेच केले आहे. काही वर्षांपूर्वी ऐन वेचणीच्या दिवसांत एक बाई आमच्याकडे आली. नवरा आपलाच, मोर्चात पुढे असणारा. 'पुन्हा हात उचलणार नाही' असे त्याच्याकडून लिहून घेतले, पंचांच्या सह्या घेतल्या. ज्वारी खळ्यावर येण्याच्या आत तिचा हात मोडला. दवाखान्यात सासू शेजारी उभी होती. बाई 'पडले' म्हणाली आणि केसपेपरवर तेच लिहिले गेले. आमचा सह्यांचा कागद कपाटात तसाच होता.

मर लागलेल्या तुरीच्या पानांवर औषध मारून झाड उठत नाही, रोग जमिनीतून मुळात शिरलेला असतो, हे आम्ही वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना सांगितले. समेट म्हणजे तीच पानांवरची फवारणी, हे कळायला आम्हाला तो मोडलेला हात पाहावा लागला.

कोणी म्हणेल, हा घरातला मामला आहे. कापूस तीच वेचते, ज्वारीची कणसे तीच खुडते. तिच्या घामाचा हिशेब मागायचा आणि तिच्या पाठीवरचे वळ झाकायचे, हे चालणार नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, तेव्हापासून हा प्रश्न चळवळीच्या वेशीबाहेरचा राहिलेला नाही. दुसरा म्हणेल, सरकारी दारातून शेतकऱ्याला कधी काही मिळाले आहे काय? शंका रास्त आहे. पण ही मेहेरबानी नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे. आणि तो हक्काने मागायचा आहे.

दारे कोणती ते नीट लक्षात ठेवा.

जिवाला धोका असेल तर ११२. बाईसाठी हेल्पलाइन १८१, मुलासाठी १०९८. ठाण्यात हद्दीचा वाद निघाला तर सांगा, की दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घ्यावीच लागते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिले आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका.

दवाखान्यात तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या. मार कोणी दिला हे कागदावर येऊ द्या.

घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तुमच्या भागाचा कोण, हे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. मारहाण थांबवणे, राहते घर, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा, यासाठी मॅजिस्ट्रेटकडून आदेश मिळू शकतो. घर तिच्या नावावर नाही एवढ्यावरून तिला बाहेर काढता येत नाही. शेजाऱ्यानेही या अधिकाऱ्याला खबर द्यावी. प्रामाणिकपणे दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर खटला होत नाही.

वकिलाच्या फीची धास्ती नको. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडून स्त्रीला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अटही नाही. फोन १५१००. रात्र काढायला जागा नसेल तर सखी वन स्टॉप सेंटर आहे. तिथे तात्पुरता निवारा, औषधपाणी, सल्ला आणि पोलिसांची मदत एकाच छपराखाली मिळते.

आणि लेकरावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर तिथे समेट हा शब्दही काढू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्याने, ज्याला कळले त्याने खबर देणे बंधनकारक आहे. गप्प बसणारे पंचही गुन्हेगार ठरतात.

पण एवढे सांगून तिला 'जा' म्हटले, तर आपण फार काही केले नाही. तिच्याकडे एस.टी.चे भाडे नसते. दिवस गेला तर रोज बुडतो. लेकरू कडेवर असते. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात धाडले, की ती संध्याकाळच्या गाडीने परत येते आणि पुन्हा कधी तोंड उघडत नाही. म्हणून सोबत जा, शक्यतो बाई कार्यकर्तीने जावे. आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती विश्वासाच्या घरी ठेवा. काय करायचे ते तिला विचारा, तिच्या वतीने ठरवू नका. आज ती परत जाते म्हणाली तर रागावू नका, दार उघडे ठेवा. तिचे नाव बैठकीत घेऊ नका, ती कुठे थांबली आहे हे सासरी कळू देऊ नका.

बैठकीपुढे आमच्या तीन सूचना आहेत. प्रत्येक तालुक्यात दोन जणींनी हे काम अंगावर घ्यावे. वर्गणीतून त्यांच्या आणि पीडितेच्या प्रवासाचा व बुडालेल्या रोजाचा खर्च द्यावा. आणि मारणारा आपला पदाधिकारी निघाला, तर त्याच्यासाठी वेगळा नियम नसावा. ही तिसरी सूचना सर्वांत जड जाईल, हे आम्हाला ठाऊक आहे.

मोर्चाला आपण ट्रक भरभरून जातो. एका बाईबरोबर तालुक्यापर्यंत जायला गावातून एक माणूस निघू नये?