कौल घेतला, पण मोजला कोणी?

जानेवारी २०२२ मध्ये आम आदमी पक्षाने पंजाबात मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार कोण असावा, हे लोकांना फोनवर विचारलं. २१ लाखांहून अधिक लोकांनी कौल दिला, त्यातल्या ९३ टक्क्यांनी भगवंत मान यांचं नाव घेतलं, असं पक्षाने जाहीर केलं. त्याच वर्षी गुजरातेत पक्षाच्या अशाच कौलात इसुदान गढवी यांच्या पारड्यात ७३ टक्के पडले. आकडे खरे असतीलही. पण एकाने दोन सिमकार्डांवरून मत दिलं का, हे पक्षाबाहेर कुणाला तपासता येणार? भाजपने मिस्ड कॉलवर कोट्यवधी सदस्य नोंदवले, त्यांना आपल्या मतदारसंघाचा उमेदवार काही निवडता आला नाही. नंबर घेतला की पक्षाचं काम संपतं.

इटलीतल्या फाइव्ह स्टार मूव्हमेंटने याच्या बरंच पुढे जाऊन सदस्यांच्या ऑनलाइन मतदानाने उमेदवार ठरवले. २०१७ मध्ये जिनोआच्या महापौरपदाची उमेदवारी मारिका कासिमातिस यांनी जिंकली, तेव्हा संस्थापक बेप्पे ग्रिलो यांनी आपल्यावर विश्वास ठेवा म्हणत तो निकालच फिरवला. २०१९ मध्ये मतदानाची गुप्तता राखता येत नाही म्हणून तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने हे ऑनलाइन मतदानाचं व्यासपीठ चालवणाऱ्या संस्थेला ५० हजार युरोंचा दंड केला. पुढे पक्षाचं त्या संस्थेशी बिनसलं आणि २०२१ मध्ये स्वतःच्याच सदस्यांची यादी मिळवायला पक्षाला त्याच प्राधिकरणाचा आदेश लागला. यादी कुणाकडे आणि निकाल फिरवायचा अधिकार कुणाला, सगळं तिथेच अडतं. ॲप कितीही चकचकीत असो.

बंद खोलीतल्या बैठकीत उमेदवार ठरवण्यापेक्षा हे बरं, असं कुणी म्हणेल. बरं आहेच. रात्री नऊच्या बैठकीला जाऊ न शकणाऱ्या बाईला फोनवर मत देता येतं, हे थोडं नाही. अशा मतदानात विरोधक घुसतील, ही भीतीही रास्त आहे. त्यावर वर्गणी आणि मतदानाआधी सहा महिन्यांचं सदस्यत्व हा साधा उपाय आहे. सदस्यांची चोख नोंद नसली की काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलंय: २०२३ मध्ये शिवसेना कुणाची, हे निवडणूक आयोगाने आमदार-खासदारांच्या संख्याबळावर ठरवलं, शिवसैनिकांना कुणी विचारलंच नाही. एखाद्या पक्षाने निदान एका महापालिकेत प्रभागातल्या सदस्यांचं मतदान घ्यावं, मोजणी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडे द्यावी आणि जिंकेल त्यालाच अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म द्यावा, मग तो शहराध्यक्षांना चालो वा न चालो.