दावणीचं काय?

या आठवड्यात अँटॉप हिलच्या एका दूध केंद्रावर नवी पाटी लागली : ‘थेट तबेल्यातून, ताजं म्हशीचं दूध’. पाटीवर हिरव्यागार कुरणात चरणारी म्हैस. त्याच रांगेत, हातात किटली घेऊन एक गृहस्थ म्हणत होते, “तबेले एकदाचे मुंबईबाहेर घालवायला हवेत. काय तो वास!” दूध हवं, म्हैस नको. मला याचा संताप येतो.

माझं जुनं म्हणणं आहे : नकोशी प्रत्येक गोष्ट दहिसर नाक्यापलीकडे ढकलायची, ही या शहराची खोड. गिरणगावाचं तेच झालं. तबेले शहराबाहेर नेण्यासाठी दुग्धव्यवसायातल्या दारा खुरोडींनी 1949 मध्ये आरे दूध वसाहत उभी केली : 1,287 हेक्टर जमीन, 32 गोठे, सुमारे 16,000 जनावरं. काम मोठंच होतं. पुढे शहरात जनावरं पाळण्यावर नियंत्रण आणणारा 1976 चा कायदा आला, कोर्टाचे आदेश आले, तबेले हलवण्यासाठी पालघर जिल्ह्यातल्या दापचरीचं नाव निघालं. वाद कायम एकच, तबेला कुठे असावा. म्हैस बांधलेली असावी का, हे कुणी विचारलंच नाही.

जोगेश्वरीच्या तबेल्यात मी जे पाहिलं ते सांगतो. आखूड साखळी, ओली फरशी, मागच्या पायाच्या सांध्यावर घासून पडलेली जखम. पाठीवर माशा बसल्या तर मान वळवून त्या हाकलण्याइतकीही साखळी सैल नाही. पाणी गवळी देईल तेव्हा.

आता संगमनेरकडचा मुक्त संचार गोठा बघा. चहूबाजूंनी साधं कुंपण, थोड्या भागावर छप्पर, बाकी मोकळं अंगण, कडेला गव्हाण आणि सतत भरलेला हौद. जनावर हवं तेव्हा खातं, पितं, कोरड्या मातीवर बसून रवंथ करतं. म्हशीच्या दुधात 80 टक्क्यांहून जास्त पाणी असतं, ते तिने प्यायल्याशिवाय येणार कुठून? तिच्या काळ्या कातडीत घामाच्या ग्रंथीही कमी, म्हणून उन्हाळ्यात तिला सावली आणि अंगावर पाणी लागतंच. शेतकऱ्याचे शेण काढण्याचे कष्ट वाचतात, सिमेंटच्या गोठ्याचा खर्चही टळतो. गावच्या माणसाला जे परवडतं, ते मुंबईच्या तबेलेवाल्याला परवडत नाही, हे मला पटत नाही.

शहरात जागा नाही म्हणाल, तर जिथे जागा नाही तिथे म्हैस ठेवू नये. आणि आरेला तर ही सबबही चालणार नाही. तिथल्या गोठ्यांना लागून, एकही झाड न तोडता, मोकळी अंगणं करता येतील. जमीन सरकारची आहे. दुग्धव्यवसाय विकास विभागाने मनावर घेतलं तर एका गोठ्यापासून सुरुवात होऊ शकते.

तोवर तुम्ही एवढं करा. उद्या दूधवाल्याला भावाआधी दोन प्रश्न विचारा : म्हैस दिवसातून किती वेळ सुटी असते, आणि तिला हवं तेव्हा पाणी मिळतं का?