शीतयुद्धाने शिकवलेली मराठी

दिल्लीतल्या द्वारकेतून गुरुग्रामकडे गेले की सेक्टर 32 मध्ये 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज'ची वास्तू आहे. भारतीय मंदिरांची छायाचित्रे आणि संगीताची ध्वनिमुद्रणे तिथे जपून ठेवली आहेत. 1960 च्या दशकाच्या आरंभी या संस्थेचे भारतातले काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून सुरू झाले, हे दिल्लीतल्या फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असेल. अमेरिकी विद्यार्थ्यांना मराठी शिकवण्याचे काम तिने पुढेही पुण्यात चालू ठेवले. मिनेसोटातल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी मराठी शिकावी, असे अमेरिकेला का वाटले असेल?

याचे उत्तर मॉस्को आणि वॉशिंग्टनच्या वैरात सापडते. अणुहल्ला झाला तर बाकाखाली कसे लपायचे, याचा सराव अमेरिकी शाळांतली मुले 1950 च्या दशकात करतच होती. 4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडला आणि आपण शिक्षणातच मागे पडलो, या भीतीने तो देश हादरला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्यातून गणित-विज्ञानाला पैसा मिळालाच, पण अमेरिकेत फारशा शिकवल्या न जाणाऱ्या परभाषांनाही मिळाला. नव्याने स्वतंत्र झालेले देश कोणाच्या बाजूने झुकतील, ही चिंता होती. त्या देशांच्या भाषा येणारी माणसे हवी होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी 1948 मध्येच दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा विभाग उभारला होता; आता अशा कामामागे सरकारी तिजोरी उभी राहिली.

अमेरिकेत पोचलेल्या मराठी पुस्तकांची कथा गव्हाशी जोडलेली आहे. 1954 च्या 'पीएल 480' कायद्याखाली आलेल्या अमेरिकी गव्हाचे पैसे भारत रुपयांत चुकते करी, आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर इथेच साचत. त्यातल्या काही रकमेतून 1962 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसची दिल्ली कचेरी भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवू लागली. त्यात मराठी पुस्तकेही होती. व्हिएतनाम युद्धावरची भारताची भूमिका रुचली नाही म्हणून अध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजे महिन्याच्या हिशेबाने सोडत, ते दिवस ज्यांनी रेशनच्या रांगेत काढले, त्यांना त्या गव्हाची खरी किंमत माहीत आहे. साचलेल्या रकमेचा मोठा भाग, 1664 कोटी रुपये, अमेरिकेने 1974 मध्ये धनादेशाने भारताला परत दिला. पण शिकागो विद्यापीठाच्या कपाटांत त्या काळी गेलेली मराठी पुस्तके आपल्या रांगांच्या पैशातून घेतलेली होती, हे आपण विसरू नये.

अमेरिकी सरकारला जाणकार हवे होते. त्या काळच्या विद्यापीठांतून घडलेले अभ्यासक मात्र स्वतःचे प्रश्न घेऊन महाराष्ट्रात आले. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकर आणि महार चळवळीवरचा प्रबंध पेनसिल्व्हेनियात 1969 मध्ये पुरा केला. आपल्याकडच्या इतिहासलेखनात तो विषय तेव्हा जवळजवळ उंबऱ्याबाहेरच होता. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या पिढीतल्या गेल ऑम्व्हेट यांनी बर्कलेच्या प्रबंधासाठी महाराष्ट्रातली ब्राह्मणेतर चळवळ निवडली आणि पुढे सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात संसार थाटला. फलटणच्या बोलीचा अभ्यास करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन तिथेच राहिल्या, भारतीय नागरिक झाल्या, त्यांनी शाळा काढली. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परभाषकांसाठी रचलेली मराठीची पाठ्यपुस्तके आजही नावाजली जातात.

या अभ्यासकांकडे इथे संशयानेही पाहिले गेले. 'सीआयएचा माणूस' हा शब्द तेव्हा फार स्वस्त होता. संशय सर्वस्वी निराधार होता असेही नाही. एशिया फाउंडेशन या अमेरिकी संस्थेला सीआयएचा पैसा मिळत असल्याचे 1967 मध्ये उघड झालेच होते. तरीही झेलियट यांच्या लेखनाने मराठी समाजाला स्वतःबद्दल जे दाखवले, ते पैशाच्या उगमावरून मोजता येणार नाही.

उलट्या दिशेनेही वाट रुळली. पवईची आयआयटी सोव्हिएत मदतीने उभी राहिली. अमेरिकेने 1965 मध्ये स्थलांतराचा कायदा सैल केल्यावर या आयआयटीतले कितीतरी पदवीधर अटलांटिकपार गेले. आज द्वारकेतल्या सोसायट्यांमधून अमेरिकेला निघालेली मुलेही त्याच वाटेने जातात. ती संगणक शिकायला जातात, तिथला समाज समजून घ्यायला क्वचितच. अमेरिकेच्या एखाद्या गावावर झेलियट यांच्या तोडीचे मराठी पुस्तक आपल्याकडे का नाही, हा प्रश्न आम्हाला टोचतो.

तिकडचा झरा आता आटतो आहे. त्या 1958 च्या कायद्यातून आलेले परभाषा-शिक्षणाचे काम पाहणाऱ्या अमेरिकी शिक्षण खात्याच्या कार्यालयातले कर्मचारी मार्च 2025 मध्ये कमी करण्यात आले. त्याच वर्षी दिल्लीत मराठी साहित्य संमेलन भरले आणि जुलैत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कुसुमाग्रजांच्या नावाने मराठीचे केंद्र सुरू झाले. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळून तेव्हा वर्षही झाले नव्हते. द्वारकेपासून ते केंद्र फार दूर नाही. तिथे मराठीत संशोधन करणाऱ्या अमराठी विद्यार्थ्यांसाठी भरघोस शिष्यवृत्त्या, कायम नेमणुकीचे अध्यापक आणि दरवर्षी नवी मराठी पुस्तके घेण्याची तरतूद महाराष्ट्र सरकारने आणि दिल्लीतल्या मराठी संस्थांनी करावी. या वेळी त्यासाठी कुठल्या स्पुटनिकची वाट पाहू नये.