मद्याला मोकळे दार नको

बाजार खुला झाला की दारातून काय काय आत येते, हे चीनकडे पाहून शिकावे. ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. व्हिस्की-ब्रँडीसारख्या परदेशी मद्यावरचे ६५ टक्के आयातशुल्क २००५ पर्यंत १० टक्क्यांवर आले.

चिनी माणूस पूर्वी पीत नव्हता असे नाही. ‘बायज्यो’ ही त्यांची धान्याची कडक दारू जुनीच आहे आणि खपातही तीच पुढे आहे. मग परदेशी मद्याने वेगळे काय बिघडते, असे कोणी विचारील. नव्या विक्रेत्याला नवे गिऱ्हाईक लागते, हे त्याचे उत्तर. २००४ ते २००८ दरम्यान पाच लाखांहून अधिक चिनी प्रौढांची पाहणी झाली. बहुतेक आठवड्यांत पिणारे पुरुष ३३ टक्के, तर स्त्रिया अवघ्या २ टक्के निघाल्या. डॉक्टरला हा आकडा आरोग्याची ठेव वाटतो. विक्रेत्याला तो रिकामा बाजार दिसतो.

त्यात शरीराची एक अडचण आहे. पोटात गेलेल्या मद्यापासून प्रथम ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनते. त्याचा निचरा करणारे एन्झाइम पूर्व आशियातील सुमारे एक तृतीयांश लोकांत जन्मतःच दुबळे असते. दोन घोटांतच त्यांचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते. असा माणूस पीत राहिला तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. ‘थोडी घेतलेली चांगली’ हा समजही याच पाहणीतील माणसांच्या अभ्यासाने २०१९ मध्ये खोडून काढला. थोड्या मद्याने पक्षाघात टळत नाही. मद्य वाढेल तसा धोका वाढतो.

जुलै २०२५ मध्ये चीनने युरोपातील ब्रँडीवर ३४.९ टक्क्यांपर्यंत जादा शुल्क बसवले, पण ते व्यापारी तंट्यातून. म्हणजे शुल्क लावता येते; आरोग्यासाठी लावण्याची इच्छा हवी. तो कर देशी-विदेशी दोन्ही मद्यांवर सारखा असावा आणि जाहिरातींना लगाम असावा.

हा चीनचा प्रश्न, आपल्याला काय त्याचे, असे मात्र म्हणू नये. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जात असे. नफा आपल्या किनाऱ्याला लागला, व्यसन त्यांच्या घरात शिरले. अफू रोखू पाहणाऱ्या चीनवर इंग्रजांनी १८३९ मध्ये युद्ध लादले, तेही व्यापाराच्याच नावाने. व्यसनाचा माल हा इतर मालासारखा माल नव्हे, एवढे तरी आपण त्यातून शिकायला हवे.