शिंतोडे की डुबकी?
आमचं लग्न पाण्यावरून अडलं होतं. ‘दोघंही मराठी, दोघंही ख्रिस्ती, त्यातही प्रोटेस्टंट, मग प्रॉब्लेम काय?’ ऑफिसात सगळे विचारायचे. काय सांगणार, कपाळ! त्या कपाळावरच मी तीन महिन्यांचा असताना पाळकसाहेबांनी पाणी शिंपडलं, झाला बाप्तिस्मा. ती बॅप्टिस्ट. त्यांच्यात कळत्या वयात, चारचौघांत कबुली देऊन, अख्खं पाण्याखाली जावं लागतं. तिच्या पप्पांच्या हिशेबी मी अजून कोरडाच.

तसं हे भांडण कागदोपत्री कधीच मिटलंय. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात शिंपडणारेही आले, बुडवणारेही. बाळाचा बाप्तिस्मा मान्य, मोठ्याचाही. (अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. ठरलेली लग्नंसुद्धा मोडतातच की!) आम्ही त्यातले. तिचं चर्च त्यात गेलंच नाही.

मी म्हटलं, मारतो एक डुबकी, आपलं काय जातंय? आईचा घास हातातच राहिला. ‘त्या दिवशी आजी तुला हातात घेऊन उभी होती. ते मग खोटं होतं का रे?’

यावर मला उत्तर सुचलं नाही. तिलाही फोनवर सांगितलं, तर तीही गप्प.

गेल्या रविवारी पप्पांनी चहा पिता पिता विचारलं, ‘पोहता येतं का हो तुम्हाला?’

‘नाही.’

बराच वेळ बशीकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘राहू द्या मग.’